सुरक्षेचे दूरशिक्षण : कामगाराचा हक्क की मालकाचा पुरावा?

दरवर्षी ४ मार्च उजाडला की कारखान्यांच्या फाटकांवर सुरक्षा दिनाचे फलक लागतात. १९६६ साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली, म्हणून हा दिवस पाळला जातो. सामुदायिक शपथ होते, बिल्ले वाटले जातात, घोषवाक्यांच्या स्पर्धेला बक्षिसे मिळतात आणि आठवडा संपला की फलक गोदामात जातात. अलीकडच्या काळात या कार्यक्रमात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. कामगाराच्या मोबाइलवर सुरक्षेचा एक धडा येतो. तो पाहायचा, शेवटी दिलेल्या प्रश्नांच्या उत्तरांवर खुणा करायच्या आणि प्रमाणपत्र घ्यायचे. व्यवस्थापनाच्या नोंदवहीत त्या कामगाराच्या नावापुढे ‘प्रशिक्षित’ असा शेरा पडतो.

व्यावसायिक आरोग्य आणि सुरक्षा या विषयाचे दूरशिक्षण आता अशा प्रकारे कारखान्याच्या दारात येऊन उभे राहिले आहे. त्याचे स्वागत करावे की त्याला विरोध करावा, असा प्रश्न अनेक शाखांतील कार्यकर्ते विचारीत आहेत. याबाबत कामगार संघटनांनी स्पष्ट भूमिका घेण्याची वेळ आली आहे, असे आम्हांला वाटते.

दूरशिक्षणाला आमचा विरोध नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. उलट आपल्या देशात त्याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. सुरक्षेचे पद्धतशीर शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्था बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे आणि चेन्नई, कोलकाता, कानपूर, फरिदाबाद येथे तिच्या प्रादेशिक संस्था आहेत. तेथील वर्ग चांगले असतात, पण त्यांचा लाभ प्रामुख्याने मोठ्या कारखान्यांचे अधिकारी आणि पर्यवेक्षक घेतात. खडी क्रशरवर काम करणारा मजूर, बेळगावच्या फौंड्रीत साचे भरणारा कामगार, खानदेशातून सुरतेच्या उधना-लिंबायत भागात जाऊन यंत्रमागावर उभा राहणारा आपला बांधव यांपैकी कोणाला तीन दिवसांची भरपगारी रजा आणि रेल्वेचे भाडे देऊन सायनला पाठविणारा मालक विरळाच. कामगारांना शिक्षण देण्यासाठी १९५८ साली केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले. हे मंडळ आज दत्तोपंत ठेंगडी यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या वर्गांतून हजारो कार्यकर्ते घडले. परंतु पसरलेल्या, विखुरलेल्या, कंत्राटी झालेल्या कामगारवर्गाला एकट्या मंडळाचे वर्ग पुरणार नाहीत.

वर्ग जेथे पोहोचत नाही तेथे पुस्तिका, रेडिओ, ध्वनिफीत आणि आता मोबाइल पोहोचू शकतो. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले ते याच विचाराने. ज्याला दिवसा कॉलेजात जाता येत नाही, त्याच्या घरी विद्या गेली पाहिजे, हा तो विचार. सुरक्षेच्या ज्ञानाला तो लागू का करू नये? प्रश्न एवढाच, की हे ज्ञान कोणाच्या वेळात, कोणाच्या भाषेत, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या हितासाठी द्यायचे.

या प्रश्नाचे उत्तर भोपाळने दिले आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट या वायूने हजारोंचे प्राण घेतले. त्याच्या तीन वर्षे आधी, डिसेंबर १९८१ मध्ये, त्याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता आणि तेथील युनियनने धोक्याचा इशाराही दिला होता. पण खर्चात कपात करण्याचे धोरण चालूच राहिले. त्या विभागातील माणसे कमी झाली, प्रशिक्षणाला कात्री लागली आणि कामाच्या पद्धतीच्या पुस्तिका इंग्रजीत राहिल्या. हिंदी बोलणाऱ्या कामगाराच्या हाती इंग्रजी पुस्तिका देऊन ‘माहिती दिली’ म्हणणे, हे सुद्धा एक प्रकारचे दूरशिक्षणच होते! ज्ञान कामगारापासून दूर ठेवण्याचे शिक्षण.

भोपाळनंतर १९८७ साली १९४८ च्या कारखाने कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांच्या समान प्रतिनिधींची सुरक्षा समिती बंधनकारक झाली. प्राणावर बेतणारा धोका दिसल्यास तो लक्षात आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. आणि कलम १११-अ अन्वये आणखी एक हक्क मिळाला, ज्याची चर्चा फार कमी झाली. आपल्या आरोग्य व सुरक्षेविषयी माहिती मागण्याचा, शक्य तेथे कारखान्यातच प्रशिक्षण मिळण्याचा, किंवा मान्यताप्राप्त संस्थेत मालकाच्या पुरस्काराने प्रशिक्षणासाठी पाठविले जाण्याचा तो हक्क होता. म्हणजे शिक्षण ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराची मागणी आहे, हे कायद्याच्या पुस्तकात लिहिले गेले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता अमलात आणल्या. कारखाने कायद्याची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. या संहितांविषयी कामगार संघटनांचे आक्षेप जाहीर आहेत आणि त्यांची पुनरुक्ती आम्ही येथे करीत नाही. पण जे कलम हाती आहे त्याचा उपयोग करणे हे आपले काम आहे. संहितेच्या कलम १४ ने कामगाराला आरोग्य व सुरक्षेची माहिती मिळविण्याचा आणि सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत तक्रार मांडण्याचा हक्क दिला आहे. आवश्यक ती माहिती, सूचना आणि प्रशिक्षण देण्याची जबाबदारी मालकावर आहे. कलम २२ नुसार सरकार आदेशाने सुरक्षा समिती नेमायला लावू शकते आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. सुरक्षा अधिकारी मात्र ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात, आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० किंवा अधिक कामगार असतील तेथे नेमणे बंधनकारक आहे. याचा सरळ अर्थ असा, की त्याहून लहान असलेल्या असंख्य कारखान्यांत सुरक्षेचे शास्त्र जाणणारा पगारी माणूस असेलच असे नाही. तेथे एखादा शिकलेला कामगार हाच सुरक्षा अधिकारी. म्हणून त्याचे शिक्षण ही जीवनमरणाची बाब ठरते.

आता दूरशिक्षणाने काय शिकविता येते आणि काय येत नाही, याचा नीट विचार करू. कायद्याची कलमे, रसायनाच्या पिंपासोबत येणारे सुरक्षा माहितीपत्रक कसे वाचावे, कोणत्या धुळीने कोणता रोग होतो, व्यवसायजन्य रोगाची नोंद कशी करून घ्यावी, कर्मचारी राज्य विमा योजनेकडे दावा कसा करावा, हे सर्व छापील पुस्तिकेतून किंवा मोबाइलवरून उत्तम शिकता येते. रात्रपाळीचा कामगारही ते सवडीने पुन्हा पुन्हा वाचू शकतो. फौंड्रीतल्या वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, ही गोष्ट वीस वर्षांच्या पोराला पहिल्याच दिवशी कळली, तर तो धूळ ओढून घेणाऱ्या पंख्याची मागणी पन्नासाव्या वर्षी दम लागेपर्यंत पुढे ढकलणार नाही. यंत्रमागाच्या खडखडाटाने कान आधी साधारण ४००० हर्ट्झच्या उंच आवाजाला बधिर होतो आणि रोजचे बोलणे मात्र बराच काळ ऐकू येत राहते. त्यामुळे नुकसान झाल्याचे कामगाराला उशिरा कळते. कारखाने कायद्याखालील नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा होती. ती का होती आणि आपल्या खात्यातला आवाज कोणी, कधी मोजला, हे विचारण्यासाठी आधी एवढे तरी ज्ञान हवे.

परंतु टाकीत किंवा गटारात उतरण्याचे काम मोबाइलवर शिकता येत नाही. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो आणि १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की धोका सुरू होतो, हे पाठ करता येईल. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि ‘वास गेला म्हणजे वायू गेला’ असे वाटून माणूस फसतो, हेही सांगता येईल. पण वायुमापक हातात धरून तो वाचणे, श्वसनयंत्र चढवून त्याची बसण तपासणे, कमरेला दोर बांधून वरच्या सहकाऱ्याशी खुणा ठरविणे हे प्रत्यक्षच करावे लागते. आपल्या देशात गटारात एक माणूस कोसळला की त्याला वाचवायला दुसरा उतरतो, दुसऱ्यामागे तिसरा, आणि तिघांचीही प्रेते बाहेर येतात. अशा बातम्या वर्षानुवर्षे छापून येत आहेत. त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या माणसाकडे धैर्य भरपूर होते, सराव आणि साधन नव्हते. यंत्र बंद करून कुलूप लावणे, उंचीवर सुरक्षापट्टा बांधणे, आग विझविणे यांचीही तीच गत. म्हणून ज्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष सरावाचा दिवस नाही, तो सुरक्षेचा पूर्ण अभ्यासक्रम आहे असे आम्ही मानीत नाही. तांत्रिक शिक्षण केवळ पत्रद्वारा देण्याला मर्यादा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानेही ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात, अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मंजुरीशिवाय दूरशिक्षणाने वाटलेल्या अभियांत्रिकी पदव्यांच्या प्रकरणात, स्पष्ट केले आहे.

याहून गंभीर मुद्दा अभ्यासक्रमाच्या आशयाचा आहे. मालकाच्या खर्चाने तयार झालेले बहुतेक धडे उघडून पाहावेत. हेल्मेट घाला, बूट घाला, घाई करू नका, मोबाइलवर बोलू नका, थट्टामस्करी करू नका. सर्व उपदेश कामगाराला. जगभरच्या सुरक्षाशास्त्राने मान्य केलेला क्रम मात्र वेगळा आहे. आधी धोका मुळातून काढून टाका. ते जमत नसेल तर घातक पदार्थाऐवजी सौम्य पदार्थ वापरा. त्यानंतर यंत्राला आवरण, धुळीला शोषक पंखा, पाण्याचा फवारा असे उपाय करा. मग कामाच्या वेळा आणि पद्धती बदला. मास्क आणि हातमोजे हा शेवटचा उपाय आहे, कारण तो सर्वांत कमी भरवशाचा असतो. पहिल्या तीन पायऱ्यांना पैसा मालकाचा लागतो आणि शेवटच्या पायरीला घाम कामगाराचा. शेवटच्या पायरीपासून सुरू होऊन तेथेच संपणारा धडा कामगाराला शिकवीत नाही, तो अपघाताचा दोष आगाऊच त्याच्या माथी लिहून ठेवतो. उद्या बोट तुटले की व्यवस्थापन नोंदवही काढणार आणि म्हणणार, ‘याला प्रशिक्षण दिले होते, ही पाहा याची खूण, हे पाहा प्रमाणपत्र.’ जे शिक्षण म्हणून दिले तेच पुरावा म्हणून वापरले जाईल.

भाषेचा प्रश्न तर उग्र झाला आहे. ३० जून २०२५ रोजी तेलंगणातील पाशमैलारम येथील औषधी घटक बनविणाऱ्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक माणसे मेली. मृतांमध्ये परराज्यांतून आलेले अनेक कामगार होते. आजचा औद्योगिक कामगार आपल्या भाषेच्या मुलखात राहिलेला नाही. महाराष्ट्रातल्या कारखान्यात उडिया आणि भोजपुरी बोलणारा आहे आणि मराठी बोलणारा गुजरातेत, कर्नाटकात, तेलंगणात आहे. कारखान्याची भाषा एक, मुकादमाची दुसरी आणि कामगाराची तिसरी, अशा स्थितीत फळ्यावरची पाटी कोणासाठी लिहिली आहे? येथे दूरशिक्षणाचा खरा फायदा घेता येईल, कारण एकच धडा दहा भाषांत ऐकवता येतो. अक्षरओळख नसलेल्यालाही तो उपयोगी पडतो. पण त्यासाठी खर्च करण्याची इच्छा हवी. इंग्रजी धड्याखाली यंत्राने केलेले अगम्य भाषांतर चिकटवून चालणार नाही. धडा त्या खात्यातल्या कामगारांना वाचून दाखवून, त्यांना कळतो की नाही हे पाहूनच पक्का केला पाहिजे.

इतर देशांतील कामगारांनी हा लढा कसा दिला, ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये १९७७ च्या नियमांनी युनियनने नेमलेल्या सुरक्षा प्रतिनिधीला प्रशिक्षणासाठी भरपगारी वेळ मिळण्याचा हक्क दिला. इटलीच्या धातुकामगारांनी १९७३ च्या करारात १५० तासांची भरपगारी शिक्षणाची सवलत मिळविली. त्याआधी तूरिनच्या मोटार कारखान्यांतील कामगारांनी इव्हार ओद्दोने या डॉक्टरच्या साहाय्याने आपल्या खात्याचा ‘धोक्याचा नकाशा’ स्वतः काढण्याची पद्धत रुजविली. कोठे धूर, कोठे आवाज, कोठे ओझे, हे तेथे रोज उभा राहणाराच सर्वांत चांगले जाणतो, हे त्यामागचे सूत्र होते. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात सुरक्षा प्रतिनिधींचे शिक्षण अभ्यासमंडळांतून झाले. आठदहा जण एकत्र बसून पुस्तिका वाचीत आणि आपल्या कारखान्याशी ताडून पाहात. या तिन्ही ठिकाणी शिक्षण एकट्या माणसाचे नव्हते, गटाचे होते. आणि ते कामाच्या वेळात होते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या संकेताने कामगारांना व त्यांच्या प्रतिनिधींना सुरक्षेचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे असे सांगितले आहे आणि सुरक्षेच्या उपायांचा कोणताही खर्च कामगारावर पडता कामा नये, असे त्याच्या कलम २१ मध्ये म्हटले आहे. जून २०२२ मध्ये सुरक्षित आणि निरोगी कार्यस्थळ हे तत्त्व त्या संघटनेच्या मूलभूत तत्त्वांत सामील झाले. सदस्य असलेल्या प्रत्येक देशाने या तत्त्वाचा आदर करणे अपेक्षित आहे.

खर्चाचा विषय निघालाच आहे तर तरुण सभासदांना एक सावधगिरीची सूचना. आखातात किंवा मोठ्या बांधकाम कंपनीत नोकरी मिळेल या आशेने अनेक मुले सुरक्षेच्या पदविका आणि परदेशी प्रमाणपत्रे दूरशिक्षणाने घेऊ लागली आहेत. काहींचे शुल्क साध्या कामगाराच्या महिन्याच्या पगारापेक्षा कितीतरी जास्त असते आणि घरचे दागिने मोडून ते भरले जाते. या शिक्षणाला आम्ही नावे ठेवीत नाही. पण सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदासाठी कोणती पदविका ग्राह्य धरायची, हे नियमांनी ठरते, जाहिरातीने नव्हे. पैसे भरण्यापूर्वी आपल्या राज्याच्या कारखाना निरीक्षण खात्याकडे, महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, लेखी विचारणा करावी. मोफत साधनेही आहेत. आयआयटी खरगपूरचा औद्योगिक सुरक्षा अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम एनपीटीईएलवर विनामूल्य पाहता येतो. तो अभियंत्यांसाठी आहे, तरी डिप्लोमा झालेल्या कार्यकर्त्यांनी तो पाहून त्यातले उपयोगी भाग आपल्या सहकाऱ्यांना मराठीत समजावून द्यावेत.

या सर्वांचा विचार करून आमची सूचना अशी आहे, की येत्या करारांच्या मागणीपत्रकांत सुरक्षा शिक्षणाचे स्वतंत्र कलम असावे आणि त्यात पुढील मागण्या असाव्यात.

१. सुरक्षेचे कोणतेही शिक्षण, मग ते वर्गात असो की मोबाइलवर, कामाच्या वेळात आणि भरपगारी असावे. घरी जाऊन धडा पाहण्याची सक्ती नको.

२. धडा कामगाराच्या भाषेत असावा आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यासाठी तो ऐकण्याच्या रूपात असावा.

३. अभ्यासक्रम सुरक्षा समितीतील कामगार प्रतिनिधींच्या संमतीने ठरावा. त्यात कामगाराचे हक्क आणि धोका मुळातून काढण्याचे उपाय यांना पहिले स्थान असावे.

४. प्रत्येक दूरशिक्षण अभ्यासक्रमाला प्रत्यक्ष सरावाचे दिवस जोडलेले असावेत.

५. कंत्राटी, बदली आणि शिकाऊ कामगारांना तेच शिक्षण कामावर उभे करण्यापूर्वी मिळावे. त्याची जबाबदारी मुख्य मालकाने घ्यावी.

६. प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राचा वापर अपघातानंतर कामगाराविरुद्ध चौकशीत किंवा भरपाई नाकारण्यासाठी केला जाणार नाही, अशी स्पष्ट अट करारात असावी.

मागणी करून आपण स्वस्थ बसायचे नाही. प्रत्येक शाखेने पाच ते दहा जणांचे एक अभ्यासमंडळ काढावे. आठवड्यातून एकदा तासभर बसावे. पहिल्या बैठकीत आपल्या खात्याचा धोक्याचा नकाशा साध्या कागदावर काढावा. दुसऱ्या बैठकीत खात्यात येणाऱ्या प्रत्येक रसायनाचे माहितीपत्रक व्यवस्थापनाकडे लेखी मागावे. उत्तर आले तर ते वाचावे, नाही आले तर त्या नकाराची नोंद ठेवून निरीक्षकाकडे जावे. तिसऱ्या बैठकीत कोणाला खोकला आहे, कोणाला कमी ऐकू येते, कोणाच्या हातावर चट्टे आहेत याची यादी करावी आणि ती कामाच्या जागेशी ताडून पाहावी. महिला कामगारांच्या अडचणी त्यांच्याच तोंडून ऐकाव्यात. मोबाइलवरचा धडा पाहायचा तर तो या बैठकीत सर्वांनी मिळून पाहावा आणि प्रत्येक वाक्याला विचारावे, ‘हे आपल्या खात्यात आहे का? नसेल तर का नाही?’ अशा बैठकीत पाहिलेला धडा व्यवस्थापनाच्या कागदावरची खूण राहात नाही. त्यातून पुढच्या सुरक्षा समितीच्या सभेचा विषय तयार होतो.

कामगार बंधू-भगिनींनो, जगातील कामगार २८ एप्रिलला कामावर मेलेल्यांचे स्मरण करतात. यंदा त्या दिवशी आपल्या शाखेत सभा घ्या, पण मेणबत्ती लावून घरी जाऊ नका. त्याच सभेत अभ्यासमंडळाची नावे लिहा, पहिल्या बैठकीचा वार ठरवा आणि माहितीपत्रकांच्या मागणीचा अर्ज सह्या करून दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनाच्या हाती द्या. पोच मात्र घ्यायला विसरू नका.